रात्री एआयशी बोलणाऱ्या ख्रिस्ती तरुणाला: एका पाळकाचे उत्तर

प्रश्न विचारणारा तरुण नागपूरचा आहे. मिहानमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, घर शहरातल्या सदर भागात, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती कुटुंब. त्याने लिहिले आहे ते थोडक्यात असे. रात्री झोप लागत नाही तेव्हा मी एआयच्या चॅटबॉटला बायबलमधले प्रश्न विचारतो. तो माझ्यासाठी प्रार्थनाही लिहून देतो, आणि रविवारच्या उपासनेपेक्षा मला त्यातच जास्त शांती मिळते. हे पाप आहे का? मावसभावाने आजोबांच्या जुन्या व्हॉइस नोट्सवरून त्यांच्या आवाजात बोलणारे काहीतरी मोबाइलवर तयार केले आहे. आजोबांना जाऊन वर्षही झाले नाही, आणि आजी रोज संध्याकाळी त्या आवाजाशी बोलते, थांबवू का? आमच्या पाळकांचे रविवारचे संदेश, म्हणजे प्रवचने, हल्ली एआयने लिहिल्यासारखे वाटतात. घरच्या ग्रुपवर ‘एआय म्हणजे ६६६’, म्हणजे बायबलमधल्या श्वापदाची संख्या, असे व्हिडिओ फिरतात. आणि एकदम शेवटच्या ओळीत: ऑफिसात मी जे बनवतो आहे त्याने आमच्याच टीममधल्या काही जणांचे काम जाणार आहे.

ती शेवटची ओळ तुम्ही जाता जाता लिहिली, पण इतकी वर्षे लोकांची दुःखे ऐकल्यावर मला वाटते की झोप तिच्यामुळेच उडाली असावी. तिच्याकडे शेवटी येतो, कारण तिला सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा. आधी बाकीचे.

चॅटबॉटला वचनाचा अर्थ विचारणे हे पाप नाही. नव्या साधनाला घाबरण्याचे कारण नागपूरच्या ख्रिस्ती माणसाला तर मुळीच नाही. कवी नारायण वामन टिळक नागपुरात राहत असत. १८९३ च्या सुमारास ते इथून राजनांदगावला निघाले असताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, ठेवला. तो वाचता वाचता ते येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तिथेच खिळून राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. नागपुरात रेल्वे आली १८६७ मध्ये. म्हणजे टिळकांच्या काळी ती तशी नवीच. गाडी नसती तर ती भेट झाली नसती, हे खरे. पण त्या डब्यात एक माणूस दुसऱ्याशी बोलला, स्वतःजवळचे पुस्तक त्याने पुढे केले आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे तोंडावर सांगण्याचे धाडस केले, हे मी जास्त महत्त्वाचे मानतो.

छापखान्याचेही तसेच. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले ते रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळेच हाताशी नव्हते. मराठी नवा करार विल्यम कॅरी यांच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ मध्ये निघाला. पुढे पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खे बायबल साध्या मराठीत आणले. ते केडगावच्या मुक्ती मिशनात छापले गेले आणि तिथल्याच स्त्रियांनी खिळे जुळवले. घरादाराने टाकलेल्या, विधवा म्हणून कोपऱ्यात बसवलेल्या बायकांनी ते अक्षर अक्षर लावले. रमाबाई १९२२ मध्येच प्रभूकडे गेल्या. पूर्ण बायबल बाहेर आले ते १९२४ मध्ये. यंत्र आणि विश्वास यांचे वैर असते, तर यातले काहीच घडले नसते.

पण त्याच छापखान्याची दुसरी बाजूही सांगतो, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचे खरे उत्तर तिच्यात आहे. जर्मनीत मेंझ शहरी गुटेनबर्गच्या काळात बायबल छापले जात होते त्याच सुमारास, म्हणजे १४५४-५५ मध्ये, पापदंडमाफीची, म्हणजे पैसे देऊन पापाची शिक्षा माफ करून घेण्याची, पत्रेही छापली जात होती. मजकूर तयार, नाव आणि तारीख भरायला जागा मोकळी. क्षमेचा छापील फॉर्म! पुढे १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने ज्याविरुद्ध आवाज उठवला ते हेच माफीपत्रांचे प्रकरण होते. देवाचे वचन लोकांच्या हाती देणाऱ्या यंत्राने त्याच शाईने स्वस्त क्षमाही वाटली.

आजच्या काळातले उदाहरण हवे असेल तर २०२४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या एका कॅथलिक संस्थेने ‘फादर जस्टिन’ नावाचा चॅटबॉट काढला. धर्मगुरूंच्या वेषातले चित्र, प्रश्नांना उत्तरे. तो स्वतःला खराखुरा धर्मगुरू म्हणवू लागला आणि पाप कबूल करणाऱ्याला क्षमाही देऊ लागला. थोड्याच दिवसांत संस्थेने त्याचा धर्मगुरूचा वेष काढून घेतला. त्या संस्थेचा हेतू वाईट होता असे मला वाटत नाही. पण त्यांना जे उशिरा दिसले ते तुम्ही आधी पाहावे असे मला वाटते: माहिती देणे वेगळे आणि साक्ष देणे वेगळे.

आपल्या घरोघरी होणाऱ्या प्रार्थनासभांमध्ये, कॉटेज मीटिंगांमध्ये, साक्ष देतात, ती तुम्ही लहानपणापासून ऐकली असेल. एखादी मावशी उठते, पदर सावरते आणि सांगते की मेडिकलच्या वॉर्डात नवरा शेवटच्या घटका मोजत होता तेव्हा प्रभूने मला कसे धरून ठेवले. तिचे व्याकरण चुकते, वचनाचा अध्याय चुकतो. तरी खोली शांत होते, कारण ती जे बोलते त्याची किंमत तिने मोजलेली असते, आणि उद्या कोणी तिला ‘खरंच का?’ विचारले तर उत्तर द्यायला ती त्याच गल्लीत राहते. चॅटबॉट हे करू शकत नाही. तुम्ही त्याच धंद्यातले, म्हणून तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे: अफाट लिखाण वाचवून घेऊन पुढचा शब्द कोणता बसेल याचा अंदाज करायला त्याला शिकवलेले असते, आणि वापरणाऱ्याला आवडेल असे बोलायलाही. ‘मी तुझ्यासाठी प्रार्थना करतो’ असे वाक्य तो लिहितो तेव्हा प्रार्थना करणारा तिथे कोणी नसतो.

‘आवडेल असे बोलणे’ यावर थोडे थांबा. दावीद राजाने बथशेबेशी व्यभिचार केला, तिच्या नवऱ्याला लढाईत मारवले, आणि नाथान संदेष्टा राजवाड्यात गेला. श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी ओढून नेल्याची गोष्ट त्याने सांगितली, राजाला संताप आला, आणि नाथान म्हणाला: तो माणूस तूच. नाथानाचे डोके उडू शकले असते. तुमचा चॅटबॉट तुम्हाला कधी असे म्हणाला आहे का? तुम्ही आपली बाजू मांडलीत की तो तुमची बाजू समजून घेतो; आणखी मांडलीत की आणखी समजून घेतो. तुम्हाला मिळणारी शांती यातली किती आणि पवित्र आत्म्याची किती, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. तुम्ही तपासू शकता. त्या शांतीनंतर दुसऱ्या दिवशी कोणाची माफी मागावीशी वाटली का? कोणाकडे जावेसे वाटले का? की फक्त पुन्हा रात्री मोबाइल उघडावासा वाटला?

आणखी एक अडचण आहे, ती आपल्या मराठी मंडळ्यांची, म्हणजे चर्चच्या समुदायांची. या यंत्रांनी जे वाचले त्यातले बहुतेक इंग्रजी आहे, त्यातही अमेरिकेतले बरेच. तुमच्या चुलत बहिणीच्या लग्नात हळदीला बसावे का, दीक्षाभूमीला जाणाऱ्या मामांशी कसे बोलावे, शेजारच्या काकू गणपतीचा प्रसाद घेऊन दारात उभ्या राहिल्या तर काय करावे, हे आपले रोजचे प्रश्न. प्रेषित पौलाने करिंथकरांस मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याबद्दल जे लिहिले ते चॅटबॉट व्यवस्थित सांगेल. पण पौल तिथे विचारायला सांगतो की तुझ्या खाण्याने तुझ्या दुर्बल भावाला ठेच लागते का. तो भाऊ कोण, त्याला ठेच कशाने लागते, आणि त्या काकूंनी तुमच्या आईच्या आजारपणात किती डबे पोचवले, हे तुमच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना माहीत असते. शिवाय चॅटबॉट वचने चुकवतो. कधी दोन भाषांतरे मिसळतो, कधी नसलेले वचन अध्यायासकट देतो. त्याने काहीही सांगितले तरी आपले बायबल उघडून पाहा; बिरुया गावातले लोक तर खुद्द पौलाचे बोलणेही शास्त्रातून पडताळून पाहत, आणि त्याबद्दल त्यांची स्तुती झाली आहे. (‘प्रयत्नांती परमेश्वर’ हे बायबलमध्ये कुठे आहे, असे मला आजवर कितीतरी जणांनी विचारले आहे. कुठेच नाही.)

म्हणून माझा सल्ला असा. शब्दाचा अर्थ, नकाशा, इतिहास, दोन भाषांतरांतला फरक हे खुशाल विचारा. प्रार्थना मात्र त्याच्याकडून लिहून घेऊ नका. मोडकीतोडकी चालेल, तुमची असू द्या. रोमकरांस पत्रात लिहिले आहे की आपल्याला नीट प्रार्थना करता येत नाही तेव्हा आत्मा स्वतः शब्दांवाचून कण्हून आपल्यासाठी मध्यस्थी करतो. तुमच्या अडखळण्याला देवाच्या दारात जागा आहे. ती गुळगुळीत वाक्यांनी भरून टाकू नका. आणि पाप, लाज, भीती या गोष्टी एका जिवंत माणसाजवळ बोला.

तुम्ही म्हणाल, मंडळीत बोलायचे कोणाजवळ? ही तक्रार रास्त आहे, आणि इथे दोष तुमचा नाही, आमचा आहे. तरुण माणूस मध्यरात्री यंत्राजवळ मन मोकळे करतो, कारण माणसाजवळ केले तर रविवारी अख्ख्या मंडळीला कळेल अशी त्याला खात्री असते. प्रार्थनेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काय चालते ते पाहा. अमक्याच्या सुनेचा गर्भपात झाला, तमक्याच्या मुलाचे व्यसन सुटावे, हॉस्पिटलच्या रिपोर्टचा फोटो, नाव, वॉर्ड, बेड नंबर. हेतू प्रेमाचा असतो. पण ज्याच्यासाठी प्रार्थना मागितली त्याला विचारलेले नसते, आणि तो मेसेज तासाभरात कामठीपासून भंडाऱ्यापर्यंत पोचतो. मी माझ्या मंडळ्यांमध्ये एकच नियम ठेवत आलो: ज्याची गोष्ट त्याची परवानगी, नाहीतर नाव नाही, आजार नाही, फक्त ‘एका कुटुंबासाठी प्रार्थना करा’. देवाला पत्ता माहीत आहे. तुमच्या पाळकांना हा नियम सुचवा. तुमच्यासारखा डेटाची काळजी घेणारा माणूस हे काम आमच्यापेक्षा चांगले समजावून सांगेल. आणि हे विसरू नका की चॅटबॉटला रात्री सांगितलेले गुपितही कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन बसते.

उपासनेबद्दल तुम्ही वेगळे विचारले नाही, तरी सांगतो. २०२० च्या मार्चमध्ये चर्चची दारे बंद झाली. नोव्हेंबरात उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद, आणि २०२१ च्या ऑक्टोबरात परत उघडली. त्या काळात मोबाइलवरच्या उपासनेने आम्हाला तारले आणि अंथरुणाला खिळलेल्यांना ती आजही तारते. ती बंद करा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण आमच्या मंडळीतल्या एका म्हाताऱ्या आजी तेव्हा म्हणाल्या होत्या, “मोबाइलात सगळं दिसते जी, पण तू जेवली का म्हणून कोणी विचारत नाही.” योहानाने आपल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी हेच लिहिले आहे: लिहायचे पुष्कळ आहे, पण ते कागद आणि शाईने नको, मी तुमच्याकडे येऊन समोरासमोर बोलेन म्हणजे आपला आनंद पूर्ण होईल. कागद-शाई हे त्याच्या काळचे दूरसंपर्काचे साधन. त्याने ते वापरले, आणि ते कुठे कमी पडते हेही त्याच पत्रात सांगितले. ज्या देवाचा शब्द देही झाला, त्याच्या लोकांनी देह घेऊन एकत्र यायचे असते. तुम्ही धडधाकट आहात. रविवारी जा.

तुमच्या पाळकांचे संदेश. या बाबतीत घाईने निवाडा करू नका. गडचिरोलीच्या आतल्या भागात चार-चार गावे सांभाळणारा तरुण पाळक मला माहीत आहे. त्याच्याजवळ बायबलचा अर्थ उलगडणारे टीकाग्रंथ नाहीत, मराठीत ते थोडेच आहेत, आणि इंग्रजी जड जाते. एआयने त्याला यशयाच्या काळची अश्शूरची पार्श्वभूमी मराठीत सांगितली तर मी देवाचे आभार मानतो. पण तयारी करणे वेगळे आणि अख्खा संदेश उचलून वाचणे वेगळे. २०२३ च्या जूनमध्ये जर्मनीतल्या फ्युर्थ शहरी एका चर्चमध्ये तीनशेहून जास्त लोकांसमोर जवळजवळ पूर्ण उपासना चॅटजीपीटीने रचली, आणि पडद्यावरच्या चेहऱ्यांनी ती म्हटली. मजकुरात फारसे चुकीचे नव्हते. तरी तो चेहरा त्यांच्यापैकी कोणाच्याही मातीला आला नव्हता, आणि येणारही नव्हता. संदेशाला वजन येते ते त्यातून. पाळकांना एकांतात भेटा. ‘तुम्ही एआय वापरता का’ असे विचारू नका; ‘गेल्या रविवारचे वचन तुमच्याशी काय बोलले’ असे विचारा. दमलेला पाळक असेल तर त्याला त्या प्रश्नाने बरे वाटेल. बहुतेक पाळक दमलेलेच असतात.

आता आजी. इथे मला तुम्हाला विनंती करावीशी वाटते की मोबाइल हिसकावून घेऊ नका. एवढ्या वर्षांचा संसार एका दिवसात रिकामा झालेल्या बाईला आवाज ऐकावासा वाटतो, त्यात लाजिरवाणे काही नाही. आजोबांच्या ज्या खऱ्या व्हॉइस नोट्स आहेत, ‘येताना कोथिंबीर आण’ असल्या का असेनात, त्या जपा, वेगळ्या कॉपी करून ठेवा, आजीला ऐकू द्या. ते त्यांचेच बोलणे आहे.

मावसभावाने केले आहे ते निराळे. तिथे आजोबा जे कधी बोललेच नाहीत ते त्यांच्या आवाजात बोलवले जाते. आज ‘जेवलीस का’ म्हणतील. उद्या आजीने विचारले, ‘घर धाकट्याच्या नावावर करू का?’ तर काय उत्तर येईल? ‘तुम्ही कुठे आहात, प्रभूला पाहिलंत का?’ विचारले तर? ते यंत्र काहीतरी उत्तर देईल, आणि आजी ते आजोबांचे म्हणून धरेल. खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा जिवंत माणसांपुरती नाही. मेलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घालणे हीसुद्धा खोटी साक्षच, आणि त्याला तर नाकारायला येताही येत नाही. शौल राजा मेलेल्यांना बोलावणाऱ्या एनदोरच्या बाईकडे गेला तो मृत शमुवेल संदेष्ट्याचा आवाज ऐकायलाच. मावसभाऊ भुतेखेते बोलावतो आहे असे मी म्हणत नाही, त्याने प्रेमानेच केले असणार. पण शास्त्राने हे दार बंद ठेवले आहे त्यामागे दया आहे: शोक करणाऱ्याला मृत माणसाकडे नाही, पुनरुत्थानाच्या आशेकडे वळवायचे आहे. पौल थेस्सलनीकाकरांना शोक करू नका असे म्हणत नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा करू नका, असे म्हणतो. आणि व्यवहाराची गोष्ट: ती सेवा एक दिवस बंद पडेल किंवा पैसे मागेल. तेव्हा आजोबा दुसऱ्यांदा जातील.

काय कराल? संध्याकाळी आजी ज्या वेळी ते ऐकते त्या वेळी घरातल्या कोणीतरी तिच्याजवळ बसावे. आजोबांच्या आठवणी तिला सांगू द्या, तुम्ही त्या तिच्या आवाजात रेकॉर्ड करा. तुमचे कौशल्य तिथे लावा. आजोबांना आवडणारे टिळकांचे एखादे भजन तिच्यासोबत म्हणा. संध्याकाळ माणसांनी भरली की ते अ‍ॅप हळूहळू मागे पडेल. मावसभावाशी तुम्हीच बोला, मोठ्यांनी नाही. मोठे बोलले की तो अपराधी ठरेल. आणि वर्षाच्या स्मरणसभेआधी ते बंद व्हावे असा प्रयत्न करा, आजीला विश्वासात घेऊन.

६६६ चे व्हिडिओ: बारकोड आला तेव्हा हेच ऐकले, आधार आले तेव्हा हेच. प्रकटीकरणाचा तेरावा अध्याय रोमी सत्तेखाली भरडल्या जाणाऱ्या सात मंडळ्यांना लिहिला होता, आणि त्या संख्येत नीरो कैसराचे नाव दडले आहे असे बरेच अभ्यासक मानतात. त्या अध्यायात खरा प्रश्न चिपचा नाही, कोणापुढे गुडघे टेकायचे याचा आहे. तो प्रश्न आजही जिवंत आहे, पण तो ग्रुपवर फॉरवर्ड करून सुटत नाही. ग्रुपवर भांडू नका. त्याऐवजी घरातल्या वडीलधाऱ्यांना एक उपयोगी गोष्ट शिकवा: पाळकांच्या किंवा नातवाच्या आवाजात फोन आला, ‘अडचणीत आहे, लगेच यूपीआय करा’ असे म्हणाला, तर फोन ठेवायचा आणि आपल्याजवळच्या जुन्या नंबरवर स्वतः फोन करून विचारायचे. आवाजाची नक्कल आता सोपी झाली आहे आणि मंडळीतले भोळे, दानशूर लोकच आधी फसतात.

आता तुमची शेवटची ओळ.

तुम्ही बनवलेल्या साधनाने टीममधल्या काही जणांचे काम जाणार आहे, आणि तुम्ही त्यांच्याबरोबर रोज जेवता. बायबल कारागिरीला हलके लेखत नाही. निर्गम या पुस्तकात देवाच्या आत्म्याने भरला असे ज्याच्याबद्दल लिहिले आहे तो बसालेल सोने, रुपे, पितळ, लाकूड यांत काम करणारा कारागीर होता. म्हणजे तुमचे हात आणि डोके देवाचे दान आहे, त्याची लाज बाळगू नका. पण त्याच नियमशास्त्रात अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात एक वचन आहे, ते मी प्रत्येक इंजिनियरला पाठ करायला सांगतो: नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर, नाहीतर कोणी वरून पडले तर रक्तपाताचा दोष तुझ्या घरावर येईल. घर बांधू नको असे देव म्हणत नाही. जो पडेल त्याची काळजी बांधणाऱ्याने आधी करायची. आणि दोनच अध्याय पुढे म्हटले आहे की जात्याची तळी गहाण घेऊ नये, कारण ते माणसाचा जीवच गहाण घेणे आहे. पोटापाण्याचे साधन म्हणजे जीव, इतक्या सरळ शब्दांत.

नागपूरला हा प्रश्न नवा नाही. एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली, तिच्यावर पिढ्या जगल्या, आणि ती गेल्यावर त्या जागेवर आज मॉल उभा आहे. कामगारांच्या वस्त्यांत त्या काळी काय झाले ते तुमच्या वडिलांच्या पिढीला विचारा. यंत्रे आली की काही हात रिकामे होतात, हे जगाने आधी पाहिले आहे. १८९१ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी कारखान्यांच्या युगातल्या कामगारांची बाजू घेऊन जगाला पत्र लिहिले. नवे पोप चौदावे लिओ यांनी १० मे २०२५ रोजी कार्डिनलांना सांगितले की हे नाव घेण्यामागे ते पत्र हे एक मोठे कारण आहे, कारण एआयमुळे माणसाची प्रतिष्ठा, न्याय आणि श्रम यांपुढे तसेच आव्हान उभे आहे. आपण कॅथलिक नसलो तरी या बाबतीत मी त्यांच्या बाजूला उभा आहे.

राजीनामा द्या असे मी म्हणणार नाही. घराचा हप्ता असेल, आईची औषधे असतील, आणि तुम्ही गेलात तर तुमच्या जागी येणारा हा प्रश्न विचारेलच असे नाही. तुमच्या हातात आहे तेवढा कठडा बांधा. त्या साधनाला जे येते तेवढेच येते असे सांगा. वरिष्ठांना खूश करायला ‘हे दहा जणांचे काम करेल’ असे फुगवून लिहू नका, कारण त्या आकड्यावरच कोणाची नोकरी ठरते. चुका कुठे होतात ते लिहून ठेवा आणि तपासायला माणूस लागतो हे बैठकीत बोला. तपासणारा माणूस त्याच टीममधला असू शकतो. ज्यांचे काम बदलणार त्यांना ते साधन शिकवण्याची जबाबदारी स्वतःकडे मागून घ्या. कंपनीने गोपनीय ठेवायला सांगितलेले फोडू नका, पण कोणी सरळ विचारले तर खोटेही बोलू नका. ‘मला सांगता येत नाही, पण तू हे शिकून घे’ एवढे तरी म्हणता येते. याकोबाने लिहिले आहे की अडवून ठेवलेल्या मजुरीची हाक सैन्यांच्या प्रभूच्या कानी पोचते. ती हाक तुमच्या विरुद्ध नसावी, एवढे तुम्ही पाहू शकता.

आणि हे एकट्याने करू नका. मिहानमध्ये वेगवेगळ्या चर्चचे तुमच्यासारखे किती तरी जण आहेत. दोघे-तिघे मिळून आठवड्यातून एकदा ऑफिस सुटल्यावर बसा. चॅटबॉटशी रात्री जे बोलता ते तिथे बोला, एकमेकांना नाथान होण्याची परवानगी द्या. ज्या बैठकीत तुम्हाला हे मांडायचे आहे तिचा दिवस ठरला की तुमच्या पाळकांना आधी फोन करून सांगा. तुमचे नाव घेऊन त्या सकाळी प्रार्थना करणारा एक माणूस तरी असू द्या.